तंबूच्या मेखा

फोटो साहेबांच्या टेबलावर काचेखाली होता. मी टाइप केलेली पत्रं सहीला ठेवायला गेलो आणि तो दिसला, म्हणजे आधी नुसता रंगीत फोटो दिसला. साहेबांचं ते लहान विमान, दोन सीटांचं, कापडी पंखांचं. पंखाखाली हिरवा तंबू, तंबूपुढं घडीची खुर्ची, खुर्चीत साहेब, हातात मग, तोंडावर सुट्टीचं हसू. मग साहेबांच्या कानामागं मला आमची टेकडी दिसली. टेकडी म्हणजे काय, दुसऱ्या कोणाला ते टेकाडच वाटेल. पण तिच्या माथ्यावर एकच हिवर आहे, एका बाजूला झुकलेला, त्याच्याखाली बसून मी ढोरं राखलीत. मी पत्रं हातातच धरून उभा राहिलो. नागपूरच्या बर्डीवरचं तिसऱ्या मजल्यावरचं ऑफिस, डोक्यावर फिरणारा पंखा, खाली सायकलरिक्षांच्या घंट्या, आणि माझ्या गावची टेकडी काचेखाली दाबून ठेवलेली. साहेबांनी मान वर केली. काय यू. डी., आवडला का फोटो? माझं नाव उकंडराव देवमन इंगोले. माझ्याआधीची दोन गेली म्हणून मायनं मला उकंड्यावर, म्हणजे उकिरड्यावर, लोळवलं आणि हे नाव ठेवलं, मरणानं ढुंकून बघू नये म्हणून. साहेबांना ते नाव तोंडात घ्यायला जड जायचं, म्हणून यू. डी. मी म्हटलं, साहेब, हे आमचं गाव आहे. साहेब खुर्चीतून उठलेच. पाठीवर थाप मारून म्हणाले, मग या शनिवारी तूच चल, वरून रस्ता दाखव, मजा येईल. मला नाही म्हणता आलं असतं. पण मी तसं म्हटलं नाही. मला विमानात बसायचं होतं. इंदोऱ्यातल्या खोलीपासून ऑफिसपर्यंत रोज सायकल मारणाऱ्या माणसाला विमानात बसायचं असतं, त्यात काय लपवायचं.

हे मी वाशीमला तहसिलीसमोर लिंबाखाली बसून टाइप करतोय. गिऱ्हाईक आलं की हा कागद काढतो, त्याचा अर्ज चढवतो, तो गेला की पुन्हा हा. तुटक वाटलं तर वाटू द्या. टाइप मी कुठं शिकायला गेलो नाही, ऑफिसच्या माळ्यावर पडलेल्या मशीनवर जेवणाच्या सुट्टीत शिकलो. त्यामुळं बोटं नीट पडत नाहीत, राग आला की जास्तच जोरात पडतात आणि कागदाला भोकं पडतात. आज पडतायत.

विमान म्हणजे डबाच होता. आवाज इतका की साहेब बोलायचे ते मला ओठांवरून कळायचं. खाली रेल्वेलाइन, मग लाइन सुटली, मग पूस नदीची कोरडी वाकडी रेघ. मे महिना, सगळी वावरं उघडी, काळी, भेगाळलेली. अनसिंग मी बाजाराच्या पटांगणावरून ओळखलं आणि बोट दाखवलं. आणि मग आमचं गाव. वरून गाव काय दिसतं, कवेलूंच्या छपरांचा एक ढीग, देवळाचं टोक, आणि ढिगापासून सुटून पडल्यासारखा आमचा मोहल्ला. इतकं अंतर आहे हे मला चालताना कधी कळलं नव्हतं. चालताना तो रस्ताच असतो. वरून ते अंतर मुद्दाम ठेवलेलं दिसतं, ताटात भात एका बाजूला सारावा तसं. मोहल्ल्याच्या पलीकडं, काळ्या जमिनीत, पिवळी पांढरी एक पट्टी. सरळ. इतकी सरळ की आमच्या भागात दुसरं काहीच इतकं सरळ नाही. साहेबांनी विमान खाली घेतलं आणि चाकं टेकली ती मला कळलीसुद्धा नाहीत. इंजिन बंद करून साहेब म्हणाले, बघितलंस? विदर्भात अशी पट्टी नाही. मी कितीतरी पट्ट्यांवर उतरलोय, सगळीकडं दात वाजतात. इथं पाण्याचा ग्लास हातात धरून उतरावं. कोणी केलीय कोण जाणे.

कोणी केलीय ते मला माहीत होतं.

ती जमीन ई-क्लास होती, सरकारची पडीक. गावाची ढोरं तिथं चरायची आणि उरलेल्या तुकड्यात आमच्या मोहल्ल्यानं भूमिहीनांच्या सत्याग्रहाच्या वेळेपासून वखर घातला होता. पट्टा नव्हता, वहिवाट होती. माझा बाप त्या तुकड्यात ज्वारी पेरायचा, बाप गेल्यावर माय पेरायची. जमीन म्हणावी अशी आमची तेवढीच. छप्पन सालानंतर आमच्या लोकांनी गावाची मेलेली ढोरं ओढणं सोडलं, त्याच्या बदल्यात गावानं आम्हाला बरंच काही सोडायला लावलं, पण तो तुकडा राहिला. मग बहात्तरचा दुष्काळ आला. दुष्काळी काम निघालं आणि कामावर मुकादम म्हणून पंजाबराव. गावात सगळ्यात मोठं वावर पंजाबरावचं, विहीर पंजाबरावची, मुकादमीपण पंजाबरावचीच. तो मोहल्ल्यात आला, खाटेवर बसला नाही, उभ्याउभ्याच सांगून गेला की ई-क्लासात तळं होऊन राह्यलं. तळ्याच्या आड कोण येणार? विहिरी आटलेल्या, बाया कोस कोस घागरी वाहणाऱ्या. आमचे लोक आपापल्या तुकड्यावरून स्वतःच उठले, कोणी हाकललं नाही, आणि दुसऱ्या दिवशी त्याच जमिनीवर टोपली घेऊन रांगेत उभे राहिले. मीही होतो. मॅट्रिक नापास होऊन बसलो होतो.

आता ऐका. ही जी गोष्ट आहे ना, तिच्यामुळं मला झोपेतसुद्धा दात खायची सवय लागलीय. काम मुरूम टाकायचं आणि दुरमुसानं चोपायचं होतं. पण बायांच्या डोक्यात तळं होतं. तळ्याचा तळ झिरपला तर पाणी राहील कसं? म्हणून त्यांनी ती जमीन खळं करतात तशी केली. सुगीच्या आधी खळं कसं चोपतात, दाणा मातीत जाऊ नये म्हणून, तशी. मुकादमानं सांगितलं त्याच्या दुप्पट चोपायच्या. वरून टाचेनं दाबत चालायच्या, ओळीनं, एकमेकींच्या टाचेला अंगठा लावून. आणि संध्याकाळी निघताना माय आपल्या लोट्यातलं उरलेलं पाणी बोटानं जमिनीवर सोडायची आणि वाकून बघत बसायची. थेंब उभा राह्यला पाह्यजे, म्हणायची. थेंब झिरपला तर ती जागा उद्या पुन्हा. पिण्याचं पाणी, दुष्काळातलं. पंजाबराव हे रोज बघायचा, मिशीत हसायचा, चोपा म्हणायचा, चांगलं चोपा. एक दिवस बाजूच्या बाईच्या हातून दुरमुस निसटला आणि मायच्या डाव्या पायावर पडला. दोन बोटं गेली. माय अजून हसून सांगते, तळ्यात दोन बोटं पेरले म्या, उगवतीन कवा तरी. मग काम संपलं. काठ कोणी बांधला नाही, भिंत कोणी घातली नाही. पाऊस आला आणि त्यानंतर कपाशीवर औषध फवारणारं विमान आलं, तिथं उतरलं, आणि माणसं म्हणाली, अरे, हे तं विमानाचं हाय. तेवढंच. कोणी भांडलं नाही. भांडायचं कशावरून, आम्हाला कोणी काही लिहून दिलं होतं का? मी त्याच वर्षी नागपूरची एस्टी पकडली.

साहेबांनी मला मेखा दिल्या. लोखंडी मेखा, दीड वीत लांब, तंबूच्या वेगळ्या आणि विमान बांधायच्या वेगळ्या, कारण वावधान आलं तर एवढं हलकं विमान उलटतं. हातोडी मारली की मेख उडून बाजूला पडायची. जमिनीवर पांढरा टिपका उठायचा, बस. साहेब खुर्चीत बसून हसत होते, बघ म्हणाले, काय कमाल जमीन आहे. मी वाकून मारत होतो आणि प्रत्येक घावाला मला वाटत होतं मी कोणाच्या तरी टाचेवर मारतोय. शेवटी मोहल्ल्यातून एकाची सब्बल, म्हणजे पहार, मागून आणली, आधी सब्बलीनं भोक पाडलं, डब्यातलं पाणी ओतलं, ते तसंच उभं राहिलं, मग पुन्हा सब्बल. ऊन उतरेपर्यंत मेखा बसल्या तेव्हा माझ्या तळव्याची कातडी निघाली होती. साहेबांनी स्टोव्हवर कॉफी केली, मला खुर्चीत बसवलं आणि पहिला मग मला दिला. चांगली होती कॉफी. हे पण लिहायला पाहिजे, कारण नंतर मी साहेबांचा जितका राग केला त्यात ही कॉफी मधे मधे यायची.

कापडी पंखांना एक लेप असतो, त्याचा वास ढोरांना आवडतो. हे मला माहीत नव्हतं, आमच्या ढोरांनाही त्या दिवशीच कळलं. मी कॉफीचा मग तोंडाला लावून बसलोय आणि एक तांबडी गाय आली, पंखाखाली मान घातली आणि खरखरीत जिभेनं चाटायला लागली. साहेब ओरडत उठले. गायीच्या मागून एक बाई लंगडत आली. डाव्या पायावर जरा कमी भार देत. माय. मी कालपासून ठरवत होतो की तंबू लावून झाला की घरी जाऊन येईन, मायला सांगीन कसा आलो. आणि ती समोर उभी, मी पंखाच्या सावलीत, घडीच्या खुर्चीत, हातात मग. तिनं मला पाहिलं. मग गायीकडं पाहिलं आणि गायीशीच बोलली.

"चाल वं बाई. इथं साहेब लोकाइचं अंगण हाय. तुह्यं कोणी नाही इथं."

मी उठलो, माय म्हटलं, हातातला मग कुठं ठेवावा कळेना. साहेबांना सांगितलं, ही माझी आई. साहेब चांगला माणूस आहे, हात जोडून नमस्कार केला, बसा म्हणाले. माय बसली नाही. तिनं वाकून जमिनीवर हात फिरवला, जसा जनावराच्या पाठीवर फिरवतात, आणि मला विचारलं, जेवला काय? मी म्हटलं, येतो घरी. ती म्हणाली, ये. आन् उद्या सकाळी हे उडवजा लवकर, आमाले काम हाय इथं. मला वाटलं ढोरांचं बोलते.

मी निघणारच होतो, तर पंजाबरावची जीप आली. कोंबडीचा डबा, भाकरी, कांदा, साहेबांसाठी गादी. पंजाबराव आता जाड झालाय, पण उभं राहायची ढब तीच, समोरचा बसलेला असला तरी त्याला वाटावं आपण उभे आहोत. मला म्हणाला, कोणाचा रे तू? देवमनचा? लय मोठा झाला. जाय, जीपमधून पाण्याची कळशी आण. आणि मी आणली. नागपूरला चार वर्षं मी कोणाची कळशी उचलली नव्हती, पण त्यानं जाय म्हटलं आणि माझे पाय चालायला लागले, डोक्याला विचारलंसुद्धा नाही. कळशी ठेवताना मी ऐकलं. तो साहेबांना अगदी आदबीनं सांगत होता की तुमी येत राहा, महिन्यातून एकदा तरी येत राहा. फवारणीवाले आता येत नाहीत, पट्टी बंद पडली तर हे लोक वखर घालून बसतील, मंग हालत नाहीत. तुमचं विमान उभं राह्यलं म्हणजे सांगता येते ना, पट्टी चालू हाय. पलीकडच्या आंगानं म्या संत्र्याची कलमं लावून राह्यलो, मोसमाले तुमाले पेटी पाठवतो. साहेब म्हणाले, अरे वा, मला तर इथं यायला निमित्तच पाहिजे.

जीप गेली. उजेड होता अजून, हिवराची सावली लांब पडली होती. साहेब डबा उघडत होते. मी म्हटलं, साहेब, पंजाबराव 'हे लोक' म्हणाला ना, ते आम्ही.

साहेबांना पहिल्यांदा समजलंच नाही. मी सांगितलं. तुकडा, तळं, चोपणं, थेंब. बोटांचं सांगितलं नाही, ते मायचं आहे. साहेबांनी खरंच ऐकून घेतलं, रस्सा थंड होईपर्यंत. मग म्हणाले, फार वाईट झालं रे. मग म्हणाले, "पण यू. डी., आपण काय करतो इथं? आपण तर फक्त झोपतो." त्यांच्या आवाजात खोट नव्हती, तेच मला सहन झालं नाही. खोट असती तर मी नागपूरला जाऊन दोन दिवसांनी विसरलो असतो. त्यांना खरंच वाटत होतं की माणूस विमानातून उतरतो, तंबू ठोकतो, आकाश बघतो, सकाळी उडून जातो आणि मागं काही राहत नाही. स्वातंत्र्य म्हणायचे ते त्याला. पट्टीवर झोपण्याइतकं मोकळं काही नाही, ना भिंत, ना शेजारी, ना कोणाची परवानगी. आणि माझी माय त्याच जमिनीवर पाय ठेवायचा तर गायीचं निमित्त करून येते. मी मायकडं जेवायला गेलो नाही. कोणत्या तोंडानं जायचं, तोंडाला कॉफीचा वास होता. तंबूच्या दोरीला पाठ लावून बसून राहिलो. दोरी ताणलेली होती, मेख हलत नव्हती, इतकी पक्की बसली होती. मला पंजाबरावचा राग येत नव्हता, तो लहानपणापासूनचा आहे, तो उन्हासारखा असतोच. मला राग येत होता त्या दुप्पट चोपण्याचा. वाईट काम करायचं होतं ना. अर्धं चोपायचं होतं, खड्डे ठेवायचे होते, दुनियेतली सगळी दुष्काळी कामं जशी होतात तशी करायची होती, म्हणजे पहिलंच विमान तोंडावर पडलं असतं. पण नाही, थेंब उभा राह्यला पाह्यजे.

सकाळी साहेब दाढी करत होते, आरसा पंखाच्या दांडीला टांगलेला. आरशातच त्यांना दिसलं. पट्टीच्या पार पलीकडच्या टोकाला एक बैलजोडी उभी होती आणि पाच-सहा लुगडी. मोहल्ल्यातल्या गोजराबाईची जोडी, बैलाच्या पांढऱ्या कपाळावरून मी ओळखली. साहेब अर्ध्या फेसात वळले. काय करतायत? मी म्हटलं, वखर घालतायत. आता? मी म्हटलं, हो, आता. विमान उभं असताना. पंजाबराव म्हणतो ना विमान येते, आज आलंय, म्हणून त्याच्यासमोरच. साहेबांनी डोळे बारीक करून अंतर बघितलं. मला समजलं ते काय मोजतायत. जितका वखर इकडं सरकेल तितकी पट्टी तोकडी. म्हणाले, तू जा, समजाव, मी उडालो की काय ते करा म्हणावं. मग लगेच म्हणाले, नको, आधी आवर, मेखा काढ.

मी मेखा काढल्या. घातल्या त्याहून काढायला सोप्या, हलवून हलवून ओढली की यायची, आणि प्रत्येक मेखेच्या टोकाला खालची माती चिकटून यायची. वर पिवळा मुरूम, वीतभर कवच, आणि टोकाला काळी. ओली नाही, पण मऊ. आमच्या तुकड्याची माती. बोटात चोळली तर बोट काळं झालं. पाच वर्षं ती तिथंच होती, खाली, दबून. मी तंबू गुंडाळला, साहेबांनी खुर्ची कोंबली, इंजिन सुरू केलं आणि हातानं मला बोलावलं, बस लवकर. मी पाण्याचा डबा हातात धरून उभा होतो, मागून आणलेली सब्बल पायाशी पडलेली. म्हटलं, नाही साहेब. पंखा फिरत होता, माझे केस, शर्ट, सगळं मागं ओढलं जात होतं. त्यांना ऐकू आलं नसेल, त्यांनी ओठांवरून वाचलं असेल. त्यांनी माझ्याकडं बघितलं. अर्ध्या गालाला अजून साबण होता. मग म्हणाले, सोमवारी ये ऑफिसला. तेही मी ओठांवरूनच वाचलं.

विमान सुटलं, पट्टी पुरली त्याला, पुरून उरली. बैलांच्या डोक्यावरून गेलं आणि बैल उधळले, वखर फरफटवत ओढ्याकडं पळाले, गोजराबाई त्यांच्या मागं. मी चालत पोचलो तेव्हा माय जमिनीकडं बघत बसली होती. वखराची लोखंडी पास जिथून गेली तिथं पांढरी ओरखड, बस, नखानं पाटीवर ओढल्यासारखी. लांबच लांब ओरखड आणि एक ढेकूळ नाही. बाया पदर तोंडाला लावून उभ्या होत्या. पंजाबराव यायला काही वेळ लागणार नव्हता, विमान उडालेलं त्यानं ऐकलंच असेल.

माय मला म्हणाली, तू नाही गेला काय? मी म्हटलं, नाही. ती पुन्हा जमिनीकडं बघायला लागली.

"पाह्य ना रे. कशी चोपली म्या. मलेच आत येऊ देऊन नाही राह्यली."

ती हसत होती की काय कळेना. मला तिच्यावर ओरडावंसं वाटलं. ओरडलोही असेन, काय ते आठवत नाही, एवढं आठवतं की एका बाईनं म्हटलं, बापू, मायवर कायले तापतं? मी मायच्या दंडाला धरलं आणि तिला घेऊन चालायला लागलो, पट्टीच्या लांबीनं, जिथं तंबू होता तिकडं. ती लंगडत येत होती, मधेच थांबून म्हणायची, कुठं नेतं रे? बाया मागून येत होत्या. तंबूच्या जागी गवत नव्हतंच, त्यामुळं काही दबलेलंही नव्हतं. साहेबांचं खरं होतं, मागं काही राहत नाही. फक्त भोकं. मी एका भोकाशी बसलो आणि डबा तिच्या हातात दिला.

तिला सांगावं लागलं नाही. ती खाली बसली, डावा पाय बाजूला पसरून, दुष्काळात बसायची तशी, आणि डबा वाकडा करून थोडं पाणी भोकात सोडलं, वाकून बघत राहिली. पाणी उभं राहिलं नाही. एक बुडबुडा आला आणि भोक कोरडं. तिनं पुन्हा सोडलं. पुन्हा गेलं. तिसऱ्यांदा सगळा डबाच उपडा केला आणि जमिनीनं तो आवाज करत पिऊन टाकला.

रस्त्यावर जीपचा आवाज यायला लागला होता. माय उठली नाही. तिनं मागं न बघता हात पसरला आणि म्हणाली, "सब्बल दे."